बायकोच्या फोनवरून

माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यातही चौथीची परीक्षा दिली नाही, कारण त्या साली चुलता मला मदुराईला घेऊन गेला. आमच्या विट्याच्या बाजूच्या पोरांचं असंच असायचं. मिसरूड फुटायच्या आत पोरगं कुठल्या तरी लांबच्या शहरात गलाईच्या दुकानात भट्टीपुढं बसायचं. जुनं सोनं गाळायचं, तेजाबात टाकून चोख करायचं, हा धंदा. मी आयुष्य त्यात घातलं. लग्न झालं, बायको तिकडं आली, पोरगा तिकडंच मोठा झाला. त्यानं दुकान हातात घेतलं तेव्हा आम्ही दोघं गावाकडं परत आलो.

हे सांगायचं कारण माझी बोटं. तेजाबानं आणि भट्टीच्या आचेनं माझ्या बोटांची टोकं गुळगुळीत आणि टणक झालीत. त्यावर रेघ म्हणून राहिली नाही. रेशन दुकानातल्या मशीनवर मी अंगठा ठेवला की मशीन म्हणतं, हा माणूस नाहीच. मग बायको मला कोपरानं बाजूला सारायची आणि आपला अंगठा टेकवायची. मशीन लगेच चालू. "बगा," म्हणायची, "सरकारदरबारी मीच हाय. तुमी न्हाईच." रांगेतली माणसं हसायची.

ती गेली. मिरजेला दवाखान्यात गेली. छातीत दुखतंय म्हणून नेली, एक रात्र काढली, दुसऱ्या दिवशी गेली. यापेक्षा जास्त मला त्याबद्दल लिहायचं नाही.

तेराव्याचं जेवण झालं, पाहुणे आपापल्या वाटेला लागले, आणि पोरगा माझ्यासमोर येऊन बसला. त्याचं डोकं माझ्यासारखंच भादरलेलं. सून दाराला टेकून उभी.

"आबा, कापडं भरा. आमच्याबरोबर चला."

"मी कुठं येत न्हाई."

"हितं एकटं काय करनार तुमी?"

"हाय की गाव."

"गाव कुठंय आबा? बाहीर बगा जरा."

त्याचं खोटं नव्हतं. आमच्या गल्लीत सगळी गलाईवाल्यांची घरं. दोन दोन मजली, बाहेरून टाइल्स लावलेली, पुढं लोखंडी गेट, आणि दाराला कुलूप. मालक कुणी केरळात, कुणी दिल्लीत, कुणी आणखी कुठं. जत्रेला येतात, चार दिवस लाइटी लागतात, मग परत कुलूप. आमचंही घर असंच होतं. बांधल्यापासून बंदच जास्त. आम्ही परत आलो तेव्हा बायकोनं गेटचं कुलूप काढलं, गंजलेलं होतं, आणि ते उकिरड्यावर फेकून दिलं. म्हणाली, "आता परत लावायचं न्हाई. दुकानावरच्या एका खोलीत जिंदगी गेली. आता ह्या घरात मरीन." तिचं म्हणणं अर्धं खरं झालं. मेली दवाखान्यात. पण मी अजून होतो.

"घर बंद ठेवनार न्हाई मी," मी म्हणालो.

पोरगा जरा पुढं सरकून बसला. मग म्हणाला, "तुमी पडला, तुमाला काय झालं, तर मला कळनार कसं? तुमचा तो बटनाचा फोन. चार्जिंग करायचं ध्यानात नसतं तुमच्या. मला रोज सकाळी तुमचं तोंड दिसाय पायजे. व्हिडिओ कॉल. तेवडं जमलं तर ऱ्हावा. न्हाई जमलं तर मी गाडी घिऊन येनार, मग तुमचं कायबी ऐकनार न्हाई."

"जमवतो."

"नवा फोन आनून देतो. नवं कार्ड."

"कशाला? हिचा हाय की."

त्यानं नुसती मान हलवली. मला वाटलं, पटलं. आज कळतं की तेव्हाच त्याच्या तोंडावर काहीतरी आलं होतं, पण मी माणसाच्या तोंडाकडं बघून समजणारातला नव्हे. माझं सगळं बोलून असतं.

बायकोचा फोन म्हणजे काय चीज होती ते मला तोपर्यंत माहीत नव्हतं. ती बचत गटातल्या बायकांकडून शिकली होती. तिला मजकूर वाचायला वेळ लागायचा, म्हणून तिनं प्रत्येक नंबराला चित्र लावलं होतं. दूधवाल्याला म्हैस. गॅसवाल्याला टाकी. पिठाच्या गिरणीला ज्वारीचं कणीस. पोराला पोराचाच फोटो, दुकानात उभा असलेला. सुनेला डोशाचा फोटो, कारण सून तिकडं डोसे करायला शिकली आणि पहिला डोसा तिनं फोनवर दाखवला होता. मी ती यादी सरकवत सरकवत गेलो आणि एका जागी माझी पाठ दिसली. ओट्यावर बसलेला मी, टोपी, सदऱ्याला मानेपाशी घामाचा डाग. तो माझ्या बटणाच्या फोनचा नंबर. मी कधी फोटोला उभा राहिलो नाही, म्हणून तिनं मागून काढला असणार. कधी काढला, मला पत्ता नाही. त्या दिवशी फोन बाजूला ठेवला आणि परत हातात घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र घेतला. गल्लीत माझ्याशिवाय उघडं घर एकच, ते मेजरचं. फौजेतून पेन्शन घेऊन आलेला माणूस. खरा मेजर नव्हे, आमच्याकडं फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात. त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि म्हणालो, "मला हे शिकव. पोरानं अट घातलीय."

मेजर मिशीला पीळ देत म्हणाला, "ट्रेनिंग कडक असतंय बरं का गड्या. रडायचं न्हाई."

"रडायचं झालंय. शिकव."

तो जरा वरमला. मग त्यानं फोन माझ्या हातात दिला. "हिरव्या चित्रावर बोट लाव."

मी लावलं. काही झालं नाही. जोरात लावलं. काही नाही. अंगठ्यानं दाबून धरलं, तसं सगळी चित्रं थरथरायला लागली, जणू त्यांना थंडी वाजतीय.

"अरं ए! मारतोस का काय त्याला? दाबायचं न्हाई. शिवायचं नुसतं."

"शिवतोय की."

"माशी बसती तसं. बसली, उठली."

"माझी माशी बसती, पर त्याला कळत न्हाई."

मेजरनं माझं बोट धरून उलटं सुलटं बघितलं आणि म्हणाला, "हे बोट हाय का खिळा?" मग त्यानं मला बोट ओलं करायला लावलं. ओल्या बोटानं काच घसरायला लागली आणि भलतंच काहीतरी उघडलं. एक बाई ओरडून ओरडून गुडघेदुखीचं तेल विकायला लागली. ती बंद करताना दुसरी उघडली. मेजरची बायको आतून म्हणाली, "आवं, बारीक करा की तो आवाज, का सगळ्या गल्लीचं गुडघं बरं करताय?"

असे बरेच दिवस गेले. मी एकदा हवामानाचं चित्र पुसून टाकलं, एकदा फोनची भाषा बदलली, तेव्हा मेजरही हरला आणि दोघं मोटरसायकलवरून विट्याला दुकानात गेलो. तरी रोज सकाळी चहा झाला की मी मेजरच्या ओट्यावर हजर. पाय दुखत असला तरी हजर. मला फोनची हौस नव्हती. मला गाडीत बसून जायचं नव्हतं, एवढंच.

मग एक दिवस चिडून मी बोटाची उलटी बाजू, मधलं पेर, काचेवर टकटक केलं, दारावर करतात तसं. आणि हिरवं चित्र उघडलं. पेराचं कातडं मऊ होतं, तेजाब तिथवर पोचलं नव्हतं. मी परत टकटक केलं. पोराचा फोटो पुढं आला. परत टकटक. वर कॅमेऱ्याचं चिन्ह होतं, त्यावर. आणि माझंच तोंड काचेत दिसायला लागलं. नुकतेच केस फुटलेलं डोकं, मिशी नाही. मला वाटलं, हा कोण म्हातारा.

"लागला!" मेजर ओरडला. "शाब्बास जवान!"

घंटी वाजली. वाजत राहिली. बंद झाली.

"कामात असंल," मेजर म्हणाला.

"असंल," मीही म्हणालो.

दुसऱ्या दिवशी घरातून, एकट्यानं, पेरानं लावला. घंटी वाजली, बंद झाली. तिसऱ्या दिवशी तेच. आणि त्याच दिवशी दुपारी पोराचा फोन मेजरच्या फोनवर. मेजरनं मला हाक मारून दिला.

"आबा, बरं हाय न्हवं?"

"बरं हाय. फोन का उचलत न्हाईस?"

"तुमचा लागतच न्हाई आबा."

"लागतोय. घंटी वाजती."

"तुमच्याकडं वाजत असंल. हितं येत न्हाई." मग थोडं थांबून, "आबा, मी म्हटलं नव्हतं? तुमाला जमायचं न्हाई ते. पुढल्या म्हयन्यात येतो मी. कापडं काढून ठेवा."

मी फोन मेजरच्या हातात दिला. आपलंच काहीतरी चुकत असेल. काचेवरचं काम, दिसत नाही ते कुठं जातं. सोनं गाळताना निदान रंग दिसतो. पिवळं झालं, पांढरट झालं, धूर कसला येतो, नाकाला कळतं. ह्याचा धूर नाही, वास नाही. घंटी खरी का खोटी, हे मला कोण सांगणार?

म्हणून परत विट्याला. मोबाइलच्या दुकानात एक पोरगी बसलेली असते, हुशार आहे. तिला सगळं सांगितलं. तिनं माझ्याच फोनवरून आपल्या फोनला कॉल लावला, लागला. तिच्या काचेत मी, माझ्या काचेत ती. मग म्हणाली, "आजोबा, तुमच्या मुलाला माझ्यासमोर लावा." मी पेरानं लावला. तिनं काचेकडं बोट केलं. "हे बघा, तिकडं वाजतोय असं लिहून आलंय. वाचता येतंय न्हवं? म्हणजे पोचतोय. उचलत नाहीत ते."

"तो म्हणतो लागत न्हाई."

तिनं माझा फोन परत दिला. खाली बघून दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या फोनला काच चिकटवायला लागली. ती शहाणी होती.

बसमधून परत येताना मला राग आला. असा की मांडीवरचा फोन खिडकीतून फेकावा. पोरगा खोटं बोलतोय. का, तर मी हरावं म्हणून. म्हातारा शिकला तर अट पाळावी लागेल, म्हणून उचलायचंच नाही. गाडी घेऊन यायचं आणि उचलून न्यायचं. मी त्याला धंदा शिकवला, धंद्यात खोटं नको हे शिकवलं, आणि हा बापाशी खोटं बोलतो. मी ठरवलं, ये म्हणावं गाडी घेऊन. गेटपुढं आडवा पडतो.

घरी आलो. पाणी प्यालो. मग मला वाटलं, एकदा खात्री करून घ्यावी. यादी सरकवली. डोसा आला. डोशावर टकटक केलं.

सुनेनं लगेच उचलला. काचेत ती दिसली, मागं त्यांचं स्वयंपाकघर. मला बघून तिनं पदर सावरला आणि तिचे डोळे भरले.

"आबा! तुमाला जमलं?"

"कवाच जमलंय. तुझ्या नवऱ्याला सांग, खोटं बोलू नको म्हणावं. घंटी जातीय. वाजतंय असं लिहून येतंय. दुकानातल्या पोरीनं दाखवलं."

तिनं ओट्यावरचं भांडं उगाच सरकवलं.

"का उचलत न्हाई तो? मी हितं ऱ्हावू ने म्हणून?"

"न्हाई वो आबा. तसं न्हाई."

"मग कसं?"

तिनं एकदा मागं वळून बघितलं, घरात कुणी नाही ह्याची खात्री केली. मग म्हणाली, "आबा, तुमी आईंच्या फोनवरनं लावता. हितं फोन वाजला की त्यांच्या फोनवर 'आई' असं येतं. आईंचा फोटो येतो. जत्रेतला, हिरव्या साडीतला. ते फोन हातात धरून बसत्यात. वाजून वाजून बंद हुस्तोर बघत्यात. उचलत न्हाईत."

मी हे धरलंच नव्हतं. माझ्या काचेत माझंच तोंड दिसायचं, म्हणून मला वाटायचं तिकडंही मीच जातोय. माझ्या बटणाच्या फोनला फोटो नाही, कुणी लावला की नुसता आकडा. नंबर तिचा, नाव तिचं, हे ध्यानात यायला मला सून लागली.

"मग नाव बदलायचं की," मी म्हणालो. "'आबा' लिव्हायचं."

"मी म्हटलं, मी बदलू का. तर अंगावर आले." मग तिनं पदरानं नाक पुसलं. "आबा, आनखी एक हाय. त्यांनी सांगू नको म्हटलंय. आई दवाखान्यात हुत्या न्हवं, त्या दिवशी त्यांनी हिकडं फोन लावला हुता. हे दुकानात हुते. मुशीत सोनं हुतं, गिऱ्हाईक समोर. खिशात फोन वाजत ऱ्हायला. ह्यांनी हात घातला न्हाई. वतून झाल्यावर बगितलं तर आई. परत लावला तवर आईंना आत नेलं हुतं. तवापासनं आईचं नाव आलं की ह्यांना उचलवतच न्हाई."

मी फोन तसाच हातात धरून बसलो. ती "आबा, आबा" करत होती.

इथं एक गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर गलाईबाहेरच्या माणसाला कळायचं नाही. मुशीत गिऱ्हाइकाचं सोनं वितळत असतं तेव्हा गलाईवाला खिशात हात घालत नाही. काही झालं तरी नाही. खाज सुटली तरी नाही. गिऱ्हाईक समोर बसून तुमच्या हाताकडं बघत असतं. हात एकदा खिशात गेला की त्याच्या मनात किडा शिरला, आणि ते गिऱ्हाईक गेलं, आणि त्याच्या मागून बाजारातलं नाव गेलं. तिथं कॅमेरे लागले तरी आमच्यात ही रीत आहे. हे पोराला मी शिकवलं. तो लहान होता, भट्टीपुढं बसून खिशातून लिमलेटची गोळी काढायला लागला, तेव्हा मी त्याच्या हातावर सांडशीची उलटी बाजू मारली होती. त्यानं परत कधी घातला नाही. आई मरत होती तेव्हाही घातला नाही.

मी सुनेला म्हणालो, "तू नाव बदलू नको. हात लावू नको त्याच्या फोनला."

"मग मी त्यांना देऊ का फोन, आल्यावर? माज्या फोनवरनं बोला."

"तुझ्या फोनवर न्हाई बोलायचं मला."

ती म्हणाली, "तुमी पन ह्यांच्यासारखंच," आणि रडता रडता हसली.

मेजरकडं गेलो. म्हणालो, बोलून ठेवलेलं पाठवता येतं म्हणतात, ते दाखव. त्यानं माइकचं चित्र दाखवलं. "हे मातर दाबून धरायचं. सोडलंस की गेलं. तिकडून वापस येत न्हाई." मी म्हणालो, "तू आत जा जरा." तो गेला. मग म्हटलं इथं नको, आपल्या घरी जावं. घरी येऊन न्हाणीजवळच्या पायरीवर बसलो, माइक पेरानं दाबून धरला आणि बोललो. काय बोललो ते मला पाठ आहे, कारण नंतर मी स्वतःच ते वाजवून बघितलं, नीट गेलं का म्हणून.

बोललो ते असं: "ऐक. सुनंवर रागावू नको, मी इचारलं म्हणून तिनं सांगितलं. त्या दिवशी आईनं तुला फोन लावला तवा मी तिच्या खाटंवर बसलो हुतो. तू उचलला न्हाईस. तिनं फोन उशाला ठिवला आन म्हणाली, 'मुशीवर बसला असंल. लागंल परत.' एवडंच. मग मला म्हणाली, 'त्या पिशवीत भाकरी हाय ती खावा, नुसतं माज्या तोंडाकडं बगू नका.' रागावली असंल तर माज्यावर, तुज्यावर न्हाई. तिला मुशीपुढचा माणूस म्हायती न्हवता व्हय? आरं, माज्या पाठीमागं हुबी राहून ती जेवायला हाका मारायची, मी मान वळवायचो न्हाई. ताट झाकून जायची. तू जे केलंस ते बरोबर केलंस. मीबी तेच केलं असतं. आता उद्या सकाळी मी फोन करनार. ह्याच फोनवरनं. 'आई' म्हणूनच येनार. उचलायचा. मला जमंना तवा मी शिकलो, तुला जमंना तर तू शिक."

सोडलं. गेलं. खाली दोन बारक्या खुणा आल्या. मेजर म्हणाला होता, निळ्या झाल्या की समजायचं ऐकलं. मी त्या खुणांकडं बघत बसलो नाही. गवार निवडायची होती. पण मधे मधे हात पुसून बघितलं, हे खोटं कशाला सांगू. दिवस मावळायच्या सुमारास निळ्या झाल्या. उत्तर काही आलं नाही.

सकाळी अंघोळ केली, सदरा बदलला. चहा उकळायला ठेवला आणि बंद केला, म्हटलं मधे उतू गेला तर उठावं लागेल. खुर्ची दाराजवळ उजेडात ओढली. पेरानं टकटक केलं. घंटी वाजायला लागली.

वाजली. वाजली. मला त्याचं बसणं दिसत होतं, हातात फोन, फोनमध्ये हिरव्या साडीतली ती. मी म्हणत होतो, उचल रं. उचल बाबा. तोंडानं नाही, मनात.

घंटी थांबली आणि काचेत पत्र्याचा पंखा दिसला. दुकानातलं छत. ते छत मी ओळखतो, काळं झालंय ते माझ्या भट्टीनं. पोराचं तोंड नाही, नुसता पंखा.

"दिसंना," मी म्हणालो.

पंखा हलला. अर्धं कपाळ आलं, मग एक डोळा, मग सगळा आला. डोळे लाल. दाढी वाढलेली. तिकडं मागं ट्रक वाजत होता.

"आबा," तो म्हणाला.

"बोल."

त्यानं बाहीनं डोळे पुसले. मी घाई केली नाही. मला वाटलं होतं मी रागावीन, खोटं बोललास म्हणून दोन शब्द सुनावीन. पण त्याच्या डोक्यावर माझ्यासारखेच खुरटे केस फुटलेले बघितले आणि ते राहून गेलं.

"खरंच म्हणाली?" त्यानं विचारलं. "लागंल परत म्हणून?"

"मी कवा तुला गोड लागावं म्हणून बोललोय?"

त्याला हसू आलं. नाक ओढून म्हणाला, "कवाच न्हाई."

"मग."

तो जरा सावरून बसला. मग अगदी माझ्यासारखं, कामाला लागल्यासारखं म्हणाला, "आबा, फोन जरा लांब धरा, नुसती नाकपुडी दिसतीय. आन घर दाखवा."

"घर काय दाखवायचं?"

"दाखवा. बगतो मी. कसं ऱ्हाताय ते."

मी उठलो. फोन हातात धरून घरभर फिरवला. गॅस दाखवला, बंद आहे. गोळ्यांचा डबा दाखवला, आजची खाल्लेली. ताटात निवडलेली गवार. न्हाणीत पाय घसरू नये म्हणून टाकलेलं पोतं. ज्वारीची कणगी. त्यानं दर ठिकाणी "हं, हं" केलं. एका जागी म्हणाला, "ती वायर कसली लोंबती हाय?" मी म्हणालो, "आज मेजर चिकटवनार हाय." आतल्या खोलीत जाताना मी थांबलो, कारण तिथं तिचा पलंग तसाच होता. तोच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आबा. बास."

मग मीच विचारलं. मला मनात ठेवून बसता येत नाही. "गाडी सांगितलीस काय?"

"सांगितली हुती."

"मग?"

"नगं म्हणून सांगतो."

"आजच सांग. न्हाईतर गाडीवाला उगाच हिकडं यील."

"व्हय, आजच सांगतो." मग म्हणाला, "आबा, नाव तसंच ठिवतो मी."

"तुझा फोन हाय. तुझं तू बग."

तेवढ्यात त्याच्या दुकानात कुणीतरी आलं, त्यांच्या भाषेत काहीतरी बोललं. मला अजून समजतं. गिऱ्हाईक होतं, बांगड्या गाळायला आलेलं. पोरानं माझ्याकडं बघितलं. मीच म्हणालो, "जा. बस मुशीवर. मी ठिवतो." पण ठेवायचं लाल चित्र मला पेरानं सापडेना, तेव्हा त्यानंच तिकडून बंद केला.

आता रोज सकाळी फोन असतो. तो कधी उचलतो, कधी नाही उचलत. नाही उचलला तर मी कळून घेतो की भट्टी पेटलीय, आणि माझ्या कामाला लागतो. तो नंतर करतो. रेशनच्या मशीनचं अजून जमलेलं नाही. तिथं डोळा दाखवून चालतं म्हणे, त्याला तालुक्याला जावं लागेल. ते पुढल्या आठवड्यात करून येणार आहे. वीजबिल फोनवरून भरायचं मेजर शिकवतो म्हणतोय, तेही शिकणार. मला इथून हलायचं नाही, तर जे जे लागेल ते शिकायचं, मग बोट ऐको नाहीतर पेर.